घरात डालडा नाही, मग ट्रान्स फॅट येतं कुठून? तिशीतल्या हृदयाबद्दल नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. बत्तीस-पस्तीस वर्षांचा मुलगा स्टेंट बसवून आलेला असतो, सोबत आई असते, आणि आईचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, आमच्या घरी डालडा येतच नाही, मग याला झालं कसं?" हे प्रश्न त्या एका वाक्यातूनच निघाले आहेत. काही लोकांनी विचारलेले आहेत, काही त्यांनी विचारायला हवे होते म्हणून मीच घातले आहेत.

ट्रान्स फॅट म्हणजे नेमकं काय?

तेलाचा रेणू म्हणजे कार्बनची लांब साखळी. या साखळीत जिथे दुहेरी बंध असतो तिथे ती वाकते. वाकड्या काड्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही, तसे हे वाकडे रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं. कारखान्यात तेल तापवून, निकेलच्या सान्निध्यात त्यात हायड्रोजन वायू सोडला की काही बंध भरून जातात. काही भरत नाहीत, पण त्यांची बाजू पालटते आणि साखळी सरळ होते. हे सरळ झालेले रेणू म्हणजे ट्रान्स फॅट. सरळ काड्यांची मोळी घट्ट बसते, म्हणून तेलाचं तुपासारखं घट्ट 'वनस्पती' होतं.

ही युक्ती जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांची, पेटंट १९०२ चं. आपल्याकडे १९३७ मध्ये डालडा आला आणि पुढे सगळ्याच वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणू लागलो. तो लोकप्रिय का झाला हे समजायला नागपूरचा मे महिना पुरे. साधं तेल या उन्हात लवकर खवट होतं. वनस्पती महिनोन्‌महिने टिकतं, तुपापेक्षा स्वस्त पडतं, आणि खारीचे पापुद्रे त्याने जसे सुटतात तसे तेलाने सुटत नाहीत.

एक गंमत सांगते. लोक साजूक तुपात वनस्पती मिसळायचे, म्हणून सरकारने वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं होतं. तिळाचं तेल विशिष्ट रसायनांनी लाल रंग देतं, त्यामुळे भेसळ पकडता यायची. म्हणजे वनस्पती तुपात मिसळलं जाऊ नये यासाठी एवढा बंदोबस्त झाला. वनस्पतीच्या आत काय आहे, याकडे मात्र पुष्कळ वर्षं कोणाचं लक्ष नव्हतं.

हृदयाला त्याने होतं काय?

१९९० मध्ये नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी ५९ निरोगी माणसांना तीन-तीन आठवडे वेगवेगळ्या स्निग्ध पदार्थांचा आहार दिला. ट्रान्स फॅटच्या आहारात एलडीएल, म्हणजे रक्तवाहिनीत थर साचवणारं कोलेस्टेरॉल, वाढलं. त्याच वेळी एचडीएल, म्हणजे ज्याला आपण 'चांगलं' म्हणतो ते, कमी झालं. तूप-लोण्यातल्या संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबीनेही एलडीएल वाढतं, पण एचडीएल असं खाली ओढलं जात नाही. दोन्हीकडून मारणारं हे एकच. शिवाय त्याने शरीरात दाह वाढतो आणि रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराचं काम बिघडतं.

दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी फक्त २ टक्के जर ट्रान्स फॅटमधून आले, तर हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो, असं २००६ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. २००० कॅलरींच्या आहारात हे २ टक्के म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. चहाचा एक चमचा.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की १ टक्क्याच्या खाली राहा, म्हणजे दिवसाला २.२ ग्रॅमच्या आत. यात कारखान्यातलं आणि दूध-तुपातलं नैसर्गिक, दोन्ही धरलेलं आहे.

तिशीत एवढी काळजी कशाला? हे तर म्हातारपणाचं दुखणं ना?

कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांचं शवविच्छेदन झालं. सरासरी वय २२. त्यातल्या ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत थर साचायला सुरुवात झालेली उघड्या डोळ्यांनी दिसत होती. हा अभ्यास १९५३ चा आहे. अटॅक पन्नाशीत येवो की पस्तिशीत, तयारी कॉलेजच्या वयातच सुरू झालेली असते.

आपलं गणित त्याहून थोडं वाईट आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) दक्षिण आशियाई लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला. भारतीयांमध्ये एचडीएल मुळातच कमी आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, जास्त, हे चित्र फार सर्रास आढळतं. ज्याची शिल्लकच कमी, त्याच्या खात्यातून ट्रान्स फॅट आणखी काढून घेतं.

सरकारने बंदी घातली आहे ना? मग प्रश्न संपला.

बंदी म्हणण्यापेक्षा मर्यादा म्हणा, आणि ती कडक आहे. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती टप्प्याटप्प्याने आवळली: आधी १० टक्के, मग ५, १ जानेवारी २०२१ पासून ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. ती फक्त डब्यातल्या वनस्पतीला लागू नाही. तेल-तूप घालून केलेल्या पदार्थातल्या एकूण स्निग्धांशालाही लागू आहे. डेन्मार्कने २००३ मध्ये जगात पहिल्यांदा अशी मर्यादा आणली, तीही २ टक्क्यांचीच.

फरक किती पडतो ते बघा. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २००९ मध्ये बाजारातली वनस्पती तपासली, तेव्हा त्यात डेन्मार्कच्या मर्यादेच्या ५ ते १२ पट ट्रान्स फॅट निघालं होतं. समजा १०० ग्रॅम खारीत ३० ग्रॅम चरबी आहे. ती २ टक्क्यांच्या आतली असेल तर तुमच्या पोटात ०.६ ग्रॅम ट्रान्स फॅट जातं. तीच जुन्या वळणाची २० टक्केवाली असेल तर ६ ग्रॅम. दिवसाचा कोटा जवळजवळ तिप्पट, तोही चहाबरोबर गप्पा मारता मारता.

नामांकित कंपन्यांचं पाकीटबंद खाणं मला आता ट्रान्स फॅटच्या बाबतीत फारसं घाबरवत नाही. त्यांच्या मालाचे नमुने तपासले जातात. ज्या मालावर लेबलच नाही, तिथे कायदा तेवढाच पोचतो जेवढा अन्न निरीक्षक पोचतो.

मग आमच्या घरात डालडा नसताना तो येतो कुठून?

किलोवर मिळणाऱ्या मालातून. खारी, टोस्ट, नानखटाई, क्रीम रोल, जाड बिस्किटं. वस्तीतल्या बेकरीतून कागदात किंवा पारदर्शक पिशवीत बांधून येतात, त्यावर ना तारीख ना घटक. खारीला थरांमध्ये घट्ट चरबी लागतेच. ती कोणती वापरली हे बेकरीवाल्याला माहीत असतं, तुम्हाला नसतं.

मिठाईचंही तसंच. बालुशाही, सोनपापडी, मोतीचूर तुपाच्या नावाने विकले जातात आणि डब्यातून वेगळंच काही निघू शकतं. पावभाजीच्या ठेल्यावर तव्यावर सरकणारा तो पिवळा गोळा बटर असेलच असं नाही. बरेचदा ते मार्गारीन किंवा फॅट स्प्रेड असतं. वाढदिवसाच्या स्वस्त केकवरचं क्रीम दुधाचं नसतं, वनस्पती चरबी फेटून केलेलं असतं. त्यात हल्ली ट्रान्स फॅट कमी असलं तरी संपृक्त चरबी आणि साखर भरपूर असते.

माझा सल्ला साधा आहे. बेकरीवाल्याला विचारा, "भाऊ, यात कोणतं फॅट टाकता? डबा दाखवता का?" लाजू नका. भाजी घेताना सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आपण चारदा उलटून बघतो. डब्यावर नाव, परवाना क्रमांक आणि ट्रान्स फॅटचा आकडा असायला हवा. डबा दाखवायला जो सरळ नकार देतो, त्याच्याकडून मी तरी रोजची खारी घेणार नाही.

तर्री पोहे सोडायचे का?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज खाली येतो. पोह्यांत ट्रान्स फॅट नाही. तर्रीत चणे आहेत, मसाला आहे आणि वर तरंगणारं तेल आहे. ते तेल ताजं असेल तर ट्रान्स फॅटचा संबंध येत नाही, तेलाच्या प्रमाणाचा येतो. आठवड्यातून एक-दोनदा, वरचा तवंग थोडा बाजूला सारून खा. त्याच ठेल्यावरचा आलूबोंडा कालच्या काळ्या तेलात तळलेला असेल तर मी त्याची जास्त काळजी करेन.

आणि सावजी?

हलबा कोष्टी समाजाच्या घरातून आलेलं हे जेवण परंपरेने जवसाच्या तेलात व्हायचं. आता बहुतेक ठिकाणी सोयाबीन किंवा दुसरं रिफाइंड तेल असतं. ट्रान्स फॅट म्हणून सावजीला बदनाम करायचं कारण नाही. तेल, मीठ आणि सोबतीला बसणारा पेला यांची चौकशी मात्र मी करते.

तळणाचं तेल पुन्हा वापरलं की त्याचं ट्रान्स फॅट होतं, असं व्हॉट्सअॅपवर आलं होतं. खरं का?

अर्धं खरं. घरी एकदा-दोनदा पुऱ्या तळल्या तर तयार होणारं ट्रान्स फॅट अगदी नगण्य असतं. तेच तेल दिवसेंदिवस, धूर निघेपर्यंत तापवत राहिलं तर ते वाढतं. पण अशा तेलातली मोठी भीती वेगळी आहे. तेल मोडून त्यातून ध्रुवीय संयुगं आणि अल्डिहाइड तयार होतात, आणि तीही रक्तवाहिन्यांना सोडत नाहीत. म्हणून १ जुलै २०१८ पासून एकूण ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायला कायद्याने मनाई आहे. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेलात तळण करणाऱ्यांना त्याची नोंदही ठेवावी लागते.

तेल काळं पडलं, चिकट झालं, कढईत फेस धरू लागलं, मंद आचेवरच धुरू लागलं किंवा वास बदलला, की त्याचा जीव गेला असं समजा. घरी एका घाण्यानंतर तेल गाळून ठेवा, एक-दोन दिवसांत फोडणीला किंवा कणकेत संपवा, पुन्हा तळणाला घेऊ नका. जुन्या तेलात नवं तेल ओतून ते ताजं होत नाही. ठेल्यावर मात्र हीच पद्धत सगळ्यात जास्त दिसते.

साजूक तुपातही ट्रान्स फॅट असतं म्हणे?

असतं. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू चारा पचवताना ते थोडं तयार करतात, आणि ते दूध, दही, लोणी, तूप, मटण यांत उतरतं. दुधाच्या चरबीत साधारण २ ते ५ टक्के. दोन छोटे चमचे तुपात फार तर अर्धा ग्रॅम. याचा रेणू कारखान्यातल्यापेक्षा वेगळा असतो, आणि आपण रोज जेवढं खातो तेवढ्या प्रमाणात हृदयविकाराशी त्याचा तसा संबंध दिसलेला नाही. पुरणपोळीवरच्या तुपाला या कारणाने हात लावू नका. तुपातली निम्म्याहून जास्त चरबी संपृक्त असते, म्हणून मोजून घ्या, एवढंच.

पाकिटावर "ट्रान्स फॅट ०" आहे. मग पोटभर खायला हरकत नाही ना?

आपल्याकडे १०० ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर 'ट्रान्स फॅट फ्री' लिहिता येतं. तो दावा बहुधा खरा असतो. पण वनस्पती काढल्यावर तिथे काहीतरी घट्ट घालावंच लागतं, आणि ते बहुतेक वेळा पाम तेल असतं, ज्यात जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त. घटकांच्या यादीत पाम, पामोलिन, इंटरएस्टरिफाइड व्हेजिटेबल फॅट हे शब्द शोधा. त्याच लेबलवर सॅच्युरेटेड फॅट आणि सोडियमच्या ओळीही असतात. लोक वरची शून्याची ओळ वाचतात आणि पाकीट फोडतात.

दिवाळीचा फराळ डालड्याशिवाय खुसखुशीत होत नाही. काय करू?

होतो. माझ्या सासूबाईंनाही पटत नव्हतं. करंजीच्या साट्याला साजूक तूप आणि तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर फेटून लावा, पापुद्रे सुटतात. शंकरपाळ्याला कडकडीत गरम तेलाचं किंवा तुपाचं मोहन घाला. पीठ मुठीत दाबल्यावर मूठ टिकली पाहिजे, ही जुनीच खूण आहे. चकली, शेव मंद आचेवर तळा. डालड्याचा फराळ थंड झाल्यावर टाळूला जो मेणासारखा चिकटतो, तो प्रकारही जातो. खर्च वाढतो हे खरं, म्हणून मी चार डबे कमी करते.

कोणतं तेल चांगलं? फल्ली, जवस, करडई की सोयाबीन?

ट्रान्स फॅटपुरतं बोलायचं तर यातलं कोणतंही चालेल. रिफाइंड तेलात शुद्धीकरणाच्या उष्णतेने किंचित तयार होतं, पण ते मर्यादेत असतं. तळणाला फल्ली तेल, म्हणजे शेंगदाण्याचं, बरं. करडई आणि सोयाबीन भाजी-फोडणीला. जवसाच्या तेलात निम्मा भाग ओमेगा-३ असतो, पण ते फार तापवलं की बिघडतं, त्यामुळे आजच्या काळात जवसाची चटणी भाकरीबरोबर खाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. तेल आलटून पालटून वापरा आणि माणशी महिन्याला किती संपतं ते एकदा लिहून बघा. बहुतेक घरांत तो आकडा बघून शांतता पसरते.

मी २९ वर्षांचा आहे. रोज सकाळी फुटाळा तलावावर पळतो, वजन बरोबर आहे. मला काय होणार?

पळत राहा, त्याने एचडीएलला मदत होते. पण बारीक माणसाच्या रक्तात एलडीएल वाढलेलं असू शकतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमचं रक्त आधी तपासलं पाहिजे.

तपासणी कधी करायची?

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल-चरबीची तपासणी, वयाच्या १८ व्या वर्षी, घरात लवकर हृदयविकाराचा इतिहास असेल तर त्याआधीच. उपाशीपोटीच रक्त दिलं पाहिजे असं नाही. सर्वसाधारण निरोगी माणसाचं एलडीएल १०० च्या खाली असावं. आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए नावाची तपासणीही करावी. हा आकडा आनुवंशिक असतो आणि खाण्यापिण्याने फारसा हलत नाही. सोबत बीपी आणि साखर. मेयो, मेडिकल, एम्स ही इथली सरकारी रुग्णालयं आहेत, जिथे सोयीचं पडेल तिथे करा, पण रिपोर्ट गादीखाली ठेवू नका.

खर्ऱ्याचा याच्याशी काय संबंध?

ट्रान्स फॅटबद्दल तावातावाने विचारणाऱ्या तरुणाच्या खिशात खर्ऱ्याची पुडी असते, म्हणून हा प्रश्न मीच घातला. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकवर घोटायचा आणि दिवसभर गालात धरायचा. धूर नाही म्हणून हृदयाला काही नाही, अशी समजूत आहे. इंटरहार्टच्याच माहितीत तंबाखू चघळणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका न चघळणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसला. खारी सोडली आणि खर्रा ठेवला, तर आहारतज्ज्ञाची फी वाया गेली असं समजा. सुरुवातीच्या त्या आईला मी हाच प्रश्न हळूच विचारते, आणि तेव्हा मुलगा खिडकीबाहेर बघू लागतो.

बंद केल्यावर फरक किती दिवसांत पडतो?

रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर तीन-चार आठवड्यांत. साचलेला थर असा झटकन जात नाही, पण त्याची वाढ मंदावते. न्यूयॉर्क राज्यात ज्या भागांत हॉटेलांमधल्या ट्रान्स फॅटवर निर्बंध आले, तिथे तीन वर्षांनंतर हृदयविकार आणि पक्षाघातामुळे दवाखान्यात भरती होणारे सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाले, असं २०१७ च्या एका अभ्यासात आढळलं.

छातीत जळजळ झाली तर ती ॲसिडिटी की दुसरं काही?

तरुणांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. "काल सावजी जास्त झालं, गॅस झाला असंल." छातीवर दाब, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, थंड घाम, धाप, मळमळ, यातलं काही असेल तर सोडा पिऊन बसू नका आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. १०८ ला फोन करा किंवा कोणाला तरी जवळच्या, ईसीजी होईल अशा दवाखान्यात न्यायला सांगा. डॉक्टरांनी तपासून काही निघालं नाही तर फार तर काही तास गेले.

बेकरी किंवा ठेल्याबद्दल तक्रार कुठे करायची? आणि घरचं उरलेलं तेल?

तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, किंवा एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट या ॲपवर फोटोसह. पावती असेल तर जोडा. खराब झालेल्या तेलाचं बायोडिझेल करायची 'रुको' ही योजना २०१८ पासून आहे, ती मुख्यतः हॉटेलं आणि मोठ्या तळणवाल्यांसाठी. घरचं थोडं तेल असेल तर थंड करून जुन्या बाटलीत भरा, बूच घट्ट लावा आणि सुक्या कचऱ्याबरोबर द्या. मोरीत ओतलंत तर पाइप तुंबतो, आणि प्लंबर खारीच्या भावात येत नाही.